शरदऋतूतील कीड आणि श्रावकाचे घर

घटस्थापना झाली, पाऊस ओसरला आणि ऊन तापू लागले, की बेळगावच्या आमच्या रविवार पेठेत धान्याच्या दुकानांवर एक ठरलेली तक्रार येऊ लागते : "अण्णा, वैशाखात नेलेल्या गव्हात सोंडे झाले. माल जुना दिलात की काय?" चाळीस वर्षे ही तक्रार ऐकत आलो आहे. पूर्वी मी तडकून उत्तर देत असे. आता गिऱ्हाइकास बसवून घेऊन खरे काय ते सांगतो. तेच येथे लिहीत आहे.

सोंड्याची मादी गव्हाच्या, तांदळाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यास बारीक छिद्र पाडून आत एक अंडे घालते आणि आपल्याच चिकट स्रावाने ते छिद्र बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते व पूर्ण किडा होऊनच बाहेर पडते. म्हणून वैशाखात सुपात स्वच्छ दिसलेला दाणा आतून स्वच्छ असेलच असे नाही. तुरी-मुगाचा भुंगेरा तर शेतातील शेंगेवरच अंडी घालतो व पोत्यातून घरी येतो. पुढचा सारा प्रश्न ओलीचा आणि उबेचा. दाण्यातील ओल शेकडा दहाच्या खाली असेल तर सोंड्याची पैदास जवळजवळ थांबते. परंतु पावसाळ्यात झाकण सैल राहिले की दाणा हवेतील ओल शोषून घेतो, आणि आश्विनातील ऊब मिळताच सुमारे महिन्याभरात नवी पिढी बाहेर येते. दोष कधी दुकानदाराचा असतो, हे मी नाकारीत नाही. पण बहुधा तो डब्याच्या झाकणाचा असतो.

इतरांस हा नुकसानीचा प्रश्न आहे. आपणांस त्याहून अधिक आहे. शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी व विरोधी असे चार भेद सांगून गृहस्थाच्या अडचणी जाणल्या आहेत. तथापि डोळ्यांदेखत किडे असलेले धान्य गिरणीत ओतणे, हे यांपैकी कोणत्या भेदात घालून मनाचे समाधान करून घ्यावे? कीड आत आल्यावर सर्वच वाटा वाईट. यास्तव आपले सारे कर्तव्य उंबऱ्याच्या अलीकडेच आहे.

येथे माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. सन १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेस प्लेग झाल्याची वार्ता आली आणि उंदराच्या नुसत्या खुडबुडीने माणसे भिऊ लागली. आमचे एक जुने गिऱ्हाईक, समाजातीलच, गोदामात वापरावयाच्या अल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मागू लागले. ही गोळी हवेतील ओल लागताच फॉस्फीन नावाचा विषारी वायू सोडते. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम वायू निघतो, आणि त्यावर उतारा म्हणून औषध नाही. एवढे मला तेव्हाही ठाऊक होते. तरी जुना संबंध मोडवेना. चार गोळ्या कागदात बांधून दिल्या. त्यांनी दोन कोठीघरातील बिळात टाकल्या व उरलेल्या दोन तांदळाच्या डब्यात. रात्री शेजारच्या खोलीत निजलेल्या त्यांच्या नातीस उलट्या सुरू झाल्या, छाती दाटून आली. सहा दिवस दवाखान्यात काढून मूल घरी आले, हे त्या घराचे पुण्य, माझे नव्हे. त्या सद्गृहस्थांनी मला एका शब्दानेही दुखविले नाही. पुढील वर्षापासून ते दुसऱ्या दुकानी जाऊ लागले, एवढेच.

२००१ साली शासनाने या गोळ्यांच्या दहा व वीसच्या नळ्यांवर बंदी घातली. आज त्यांचा वापर तज्ज्ञांच्या देखरेखीपुरताच मर्यादित आहे. सभासद बंधूंना माझी हात जोडून विनंती आहे, की गिऱ्हाईक कितीही जवळचे असो, गोळी घरगुती वापरास देऊ नये. बोरिक पावडर चोळण्याची चालही मला पसंत नाही; शेवटी ती पोटातच जाते.

आमच्या घरची रीत सांगतो. क्षमावणी झाल्यावर पहिले सलग तीन-चार दिवसांचे कोरडे ऊन पडले, की डबे गच्चीवर जातात. धान्य चादरीवर पातळ पसरून एका कडेस गोणपाटाची सावली करावी. दाणा तापला की किडे आपण होऊन सावलीकडे चालू लागतात. मग गोणपाट अलगद उचलावे व राहिलेले चाळून घ्यावे. पाणी गाळल्यावर जिवाणी आपण पुन्हा विहिरीत पोहोचवतो, तसेच हेही. गुजरातेतील काही जुन्या पांजरपोळांत अशा किड्यांसाठी 'जीवातखाना' असे. आमच्याकडे परसातील एक मडके आणि मूठभर दाणे आहेत. दाणा दाताखाली कट्‌कन तुटला म्हणजे वाळला. तो गार झाल्याखेरीज भरू नये, नाहीतर झाकणास आतून घाम सुटतो. डब्याच्या तळाचा चुरा झाडून काढावा, नव्यावर जुने कधी ओतू नये, आणि कडुलिंबाचा पाला घालावयाचा तर तो पुरता वाळलेला असावा. अख्ख्या तुरीपेक्षा डाळीस भुंगेरा कमी लागतो, म्हणून तूर डाळ करूनच ठेवावी.

"दाण्याच्या आतील अळीचे काय?" असे आमच्या सौभाग्यवतींनी एकदा विचारले. याचे निर्दोष उत्तर मजजवळ नाही. मात्र आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात परिग्रहपरिमाणाच्या पाच अतिचारांत 'अतिसंग्रह' घातला आहे, तो मला त्या दिवशी आठवला. पूर्वी वर्षाची भरणी करावी लागे, कारण पावसाळ्यात वाटा बंद होत. आता बारमास माल मिळतो. चौघांच्या घरात दोन क्विंटल गहू कशासाठी? तीन महिन्यांचाच न्यावा, असे मी गिऱ्हाइकास सांगतो. आमचे चिरंजीव गल्ल्याकडे पाहून नाराज होतात, ते होवोत.

उंदरांविषयी थोडेच. शेते मोकळी झाली की ते घराकडे वळतात, आणि शिसपेन्सिल जाईल एवढ्या भोकातून लहान उंदीर आत येतो. मोरीच्या तोंडास जाळी, दाराखाली पत्र्याची पट्टी, आणि आत आलाच तर पिंजरा. झुरळांचे म्हणाल तर सूर्यास्तापूर्वी भोजन करून चूल-ओटा पुसून ठेवणाऱ्या घरात त्यांना रात्री खावयास फारसे उरत नाही. निर्वाणोत्सवाच्या पणत्यांवर भातशेतातील हिरवे तुडतुडे झेपावतात, म्हणून गेली काही वर्षे आमच्या दारातील पणत्या काचेच्या आडच लागतात, आणि तिन्हीसांजेस खिडक्या लावूनच घरातील दिवा पेटतो.