भामटा हा शब्द एका कॉलमात बसतो

जिल्हा आवृत्तीच्या टेबलावर मी अकरा वर्षं गुन्ह्यांच्या बातम्या लावल्या. एक कॉलमी मथळ्याला जागा थोडी असते, म्हणून आखूड शब्द हाताशी लागतात: लंपास, गंडा, गजाआड, भामटा. ‘भामट्याने मंगळसूत्र लांबवले’ हे नेमकं बसतं. असे मथळे मी शेकड्याने दिले असतील. मग एका दुपारी एका प्राथमिक शिक्षकांचा फोन आला. आवाज अगदी शांत होता. “भामटा ही आमची जात आहे, साहेब. मुलीच्या दाखल्यावर आहे. ती आता तिसरीत गेली. पेपर मोठ्याने वाचते.”

महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत भामटा आणि राजपूत भामटा अशा दोन्ही नोंदी आहेत. मला ते ठाऊक नव्हतं, आणि टेबलावरच्या इतर कुणालाही नव्हतं. ‘उचल्या’चंही तेच. पाकीटमाराला आपण सहज उचल्या म्हणतो. लक्ष्मण गायकवाड यांनी आपल्या समाजाचं जगणं लिहिलं तेव्हा पुस्तकाला तेच नाव दिलं, आणि त्या पुस्तकाला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

त्या फोननंतर मी हा विषय धरला. एखाद्या समाजाबद्दलचा समज तयार कसा होतो, इतकी वर्षं टिकतो कसा, आणि मुख्य म्हणजे तो स्वतःचे पुरावे स्वतःच कसा पिकवतो, हे टप्प्याटप्प्याने पाहायचं होतं.

इंग्रजीत याला स्टिरिओटाइप म्हणतात आणि तो मुळात छापखान्यातला शब्द आहे. खिळे जुळवून पान तयार झालं की त्याचा साचा घेत आणि त्यात धातू ओतून अख्ख्या पानाचा पत्रा तयार करत. मग खिळे मोकळे करता येत आणि पत्र्यावरून हव्या तितक्या प्रती निघत. मात्र पत्र्यातलं अक्षर खिळ्यासारखं उचलून बदलता येत नसे. अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली ‘पब्लिक ओपिनियन’ या पुस्तकात हा शब्द माणसाच्या डोक्यातल्या तयार चित्रांसाठी वापरला, आणि तो रुळला. मराठीत साचा म्हणा, ठसा म्हणा.

साचे सगळ्यांच्याच डोक्यात असतात. अनोळखी गावात उतरल्यावर पत्ता कुणाला विचारायचा हे आपण साच्यावरूनच ठरवतो. समोर आलेल्या प्रत्येक माणसाला कोऱ्या पाटीवरून ओळखायचं म्हटलं तर दिवस पुरणार नाही. अडचण आहे ती या साच्यात माल कुठून भरला जातो त्याची.

डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना ३९ वाक्यं वाचायला दिली. प्रत्येक वाक्यात एका माणसाने केलेली एक चांगली किंवा वाईट गोष्ट होती. २६ वाक्यं ‘अ’ गटातल्या माणसांबद्दल होती, त्यात १८ चांगली आणि ८ वाईट. १३ वाक्यं ‘ब’ गटाबद्दल होती, त्यात ९ चांगली आणि ४ वाईट. म्हणजे दोन्हीकडे प्रमाण अगदी सारखं. या गटांना जात नव्हती, धर्म नव्हता, इतिहास नव्हता. तरीही वाचणाऱ्यांना ‘ब’ गट जास्त वाईट वाटला. गट लहान म्हणून लक्षात राहणारा, वाईट गोष्टी कमी म्हणून लक्षात राहणाऱ्या, आणि दोन्ही एकत्र आल्या की मनात घट्ट जोडल्या जातात. द्वेषाचा थेंबही नसताना, निव्वळ मोजणीतल्या चुकीतून साचा तयार होतो.

हे वाचल्यावर मी माझ्याच टेबलावरच्या जुन्या बातम्या काढून बसलो. पोलीस ठाण्यातून येणाऱ्या प्रेसनोटमध्ये संशयिताचं नाव, वय, पत्ता असतो. जात बहुतेक नसते. पण संशयित पारधी असला की ‘पारधी टोळी’ असं हमखास लिहिलेलं असे, आणि आम्ही ते तसंच उतरवून घेत असू. महिन्याभरात दहा चोऱ्या छापून आल्या आणि त्यातल्या दोनच बातम्यांत समाजाचं नाव आलं, तर वाचकाच्या मनात कुठल्या दोन राहतील? बाकीच्या आठ चोऱ्या माणसांनी केल्या. या दोन मात्र पारध्यांनी केल्या.

आता हाच साचा सरकारने कायद्यात ओतला तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या देशात घडलं, आणि त्याचे कागद उपलब्ध आहेत.

१८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यामागचा तर्क असा होता: या देशात विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा सुतार, तेव्हा पिढीजात गुन्हेगारांचीही जात असणारच. हिंदू समाजाबद्दलचा एक साचा घेऊन त्यातून दुसरा पाडला गेला. कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई आणि मद्रास इलाखेही त्याच्या कक्षेत आले. (१८७१ च्या कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांची नोंद ठेवण्यासाठी होता. तो फारसा कुणाला आठवत नाही, पण साचा एकाच कागदावर कसा पसरत जातो हे त्यातून दिसतं.)

या कायद्याखालच्या गुन्हेगार जमातींच्या यादीत ज्यांची नावं चढली ते होते तरी कोण? बरेचसे फिरस्ते. बंजारे बैलांच्या तांड्यावरून मीठ आणि धान्य वाहून नेत. रेल्वे आली आणि तो व्यापार मोडला. पारधी फासे आणि वाघरी लावून तितर, लाव्हे, हरणं धरत. जंगल कायद्यांनी रानं सरकारची झाली, आणि उरलीसुरली शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद केली. रामोशी तर गावाची आणि गडांची राखण करणारे. ज्या समाजाच्या हाती गावाने रात्रीच्या चाव्या दिल्या होत्या, त्याच समाजाच्या नावापुढे सरकारने चोर लिहिलं. त्यांच्यातल्याच उमाजी नाईकांनी इंग्रजांविरुद्ध केलेलं बंड सरकार विसरलं नव्हतं. एका ठिकाणी न राहणारा माणूस सारा देत नाही, मोजता येत नाही, हाताखाली राहत नाही. सरकारला भीती त्याची होती, असं मला या सगळ्या वाचनातून ठामपणे वाटतं.

जमात जाहीर झाली की त्या निर्णयाला कोर्टात आव्हान देण्याची सोयच कायद्याने ठेवली नव्हती. मग नोंदणी. बोटांचे ठसे. ठरलेल्या वेळी हजेरी, काही ठिकाणी रात्रीचीसुद्धा. दुसऱ्या गावाला जायचं तर पास. काहींना तारेच्या कुंपणात, सेटलमेंटमध्ये ठेवलं. सोलापुरातल्या त्या वस्तीला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. मुलांना आईबापांपासून वेगळं काढण्याचीही तरतूद पुढे आली.

माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली पासात आहे. समजा एका बाईची लेक शेजारच्या गावी बाळंत झाली. ती पास न काढता निघाली. वाटेत शिपायाने अडवलं. तिने चोरी केलेली नाही, कुणाला हात लावलेला नाही. पण पास नसणं हाच गुन्हा. शिक्षा झाली. नोंदवहीत एक ओळ वाढली. वर्षाअखेर साहेबाने नोंदवही उघडली आणि त्याला दिसलं की या जमातीत शिक्षा झालेल्यांचं प्रमाण खरोखरच जास्त आहे. म्हणजे आपण त्यांना यादीत घातलं ते बरोबरच होतं. पुढच्या वर्षी पहारा वाढला, पहारा वाढला म्हणून ओळी वाढल्या. बाहेरून कुठलाही गुन्हा न घालता ही चक्की वर्षानुवर्षं दळत राहू शकते, आणि तिचं पीठ म्हणजे आकडेवारी. आकडेवारीवर कोण शंका घेणार?

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा १२७ समाजांतली सुमारे १ कोटी ३० लाख माणसं या कायद्याखाली होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण कायदा जाताना त्याची जागा सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी घेतली. त्यात जमातीऐवजी व्यक्ती होती. कागदावर हा फरक मोठा आहे. ठाण्यात तो लहान होतो, कारण सराईत कोण हे ठरवताना जुनी वही अजून कपाटात असते आणि जुनी सवय डोक्यात.

घरफोडी होते. गावाबाहेरच्या माळावर चार पालं आहेत. तपास कुठून सुरू होईल? पालावरून दोघांना उचललं जातं. ते सुटले तरी त्यांच्या नावापुढे संशयित म्हणून नोंद राहते, आणि पुढच्या घरफोडीत ती नोंदच त्यांना पुन्हा उचलण्याचं कारण ठरते. मधल्या काळात रोजंदारी बुडते, शेतमालक म्हणतो, पोलिसांचं लफडं आहे तर नको येऊस. कायम पत्ता नाही म्हणून रेशन कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून इतर दाखले मिळताना अडतं, दाखल्यावाचून सवलत नाही. अशात कुणी खरोखर चोरी केली तर ती बातमी होते, आणि त्या बातमीला आखूड मथळा मी देतो.

साचा ज्याच्यावर पडतो त्याच्या आत काय होतं, हे मी फार आधी पाहिलं होतं. समजलं नव्हतं इतकंच. आम्ही चौथीत होतो. एका मुलीची नवी कंपासपेटी सापडेना. बाई अजून फळ्याकडे पाठ फिरवून वळल्याही नव्हत्या, तोच शेवटच्या रांगेतला एक मुलगा उठला, पुढे आला आणि त्याने आपली पिशवी बाईंच्या टेबलावर उपडी केली. पाटी, फाटकं पुस्तक, फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी. मग खिशांची अस्तरं बाहेर ओढून तो तसाच उभा राहिला. त्याला कुणी काही म्हटलं नव्हतं. तो पालावरून येत असे. दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भुलभुलैय्याची कोडी सोडवायला दिली. जात उघड केली नव्हती तेव्हा वरच्या आणि खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांत फरक जवळपास नव्हता. मग सर्वांसमोर नाव आणि जात वाचून दाखवली. खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या स्पष्टपणे घसरली. मुलं तशीच, कोडी तशीच. बदललं ते एवढंच की समोरचा आपल्याला काय समजतो हे त्यांना आठवलं. हे वाचताना मला ती उपडी केलेली पिशवी दिसली.

चांगली उदाहरणं दाखवली की समज आपोआप गळून पडेल, असं आपल्याला वाटतं. तसं सहसा होत नाही. पारधी समाजातला एखादा मुलगा अधिकारी झाला की लोक कौतुकाने म्हणतात, “तू पारधी वाटतच नाहीस.” त्याला साच्यातून बाहेर काढलं जातं आणि साचा होता तिथेच, होता तसाच राहतो. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली मांडलेलं म्हणणं मला जास्त पटतं: नुसत्या भेटीने भागत नाही. बरोबरीच्या नात्याने, एकाच कामासाठी, आणि शाळा, कचेरी, कायदा अशा व्यवस्थेच्या पाठबळावर माणसं एकत्र आली तर समज सैल होऊ लागतात. पालावर कपडे वाटायला जाणं म्हणजे अशी भेट नव्हे. तिथे एक देणारा असतो आणि एक घेणारा.

साचा सैल झाला नाही तर काय होतं? १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं भिक्षा मागत तिथे आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश मोबाइलवर पसरलेले होते. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन मारलं. पाचही जण गेले. तेव्हा सगळ्यांनी मोबाइलला दोष दिला, आणि तो होताच. पण संदेशात त्या पाच जणांची नावं नव्हती, फोटो नव्हते. झोळी, पागोटं, अनोळखी बोली यांना ‘मुलं पळवणारे’ हा अर्थ त्या संदेशाच्या कितीतरी आधी चिकटलेला होता. “गप झोप, नाहीतर झोळीवाला नेईल,” हे आपल्यातल्या कितीजणांनी लहानपणी ऐकलेलं आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगांच्या नियमपुस्तकांत जातीवरून कामं वाटली जात होती आणि विमुक्त जमातींना सरसकट सराईत धरलं जात होतं. न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं, आणि तुरुंगातल्या नोंदवह्यांमधला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं. विमुक्त समाजातल्या माणसांना मनमानीने अटक होऊ नये अशी सूचना पोलिसांनाही दिली. रकाना काढल्याने मनातलं जात नाही, असं काहीजण म्हणाले. पण रकान्यानेच तर ते इतकी वर्षं मनात भरलं होतं.

त्या शिक्षकांचा फोन आला त्याच रात्री एक प्रेसनोट आली होती, मोटारसायकल चोरीची. मी ‘पारधी टोळीतील’ हे शब्द काढले आणि मथळ्यात ‘चोरट्याने’ लिहिलं. तोही एका कॉलमात बसतो. बातमी एका ओळीने कमी झाली. दुसऱ्या दिवशी ती छापून आली. काहीतरी राहिलंय, असं विचारायला एकाही वाचकाचा फोन आला नाही.