हिरोच मरतो, तरी गेम सुरूच राहतो : ‘क्रोनो ट्रिगर’च्या सात गड्यांत सगळ्यात भारी कोण ?

डिसेंबर २०२०. ॲडलेडची टेस्ट. भारताचा अख्खा डाव ३६ रन्समध्ये गुंडाळला गेला. त्यात कॅप्टन विराट कोहली बाळाच्या जन्मासाठी घरी परतला. आता ऑस्ट्रेलिया चारी मुंड्या चीत करणार, असं सगळे बोलायला लागले होते. पण मूळच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या संगमनेर तालुक्याच्या अजिंक्य रहाणेनं टीम हातात घेतली, मेलबर्नला ११२ रन्स ठोकल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये भारतानं सिरीज २-१ नं खिशात घातली.

टीममधला सगळ्यात भारी गडी निघून गेला की उरलेल्यांची खरी किंमत कळते, ती अशी.

नेमकी हीच गोष्ट एका जपानी व्हिडिओ गेमनं १९९५ सालीच करून दाखवली होती. गेमचं नाव ‘क्रोनो ट्रिगर’. यात खेळायला सात गडी मिळतात आणि त्यांच्यात नंबर एक कोण, यावर जगभरातले गेमर्स आजही एकमेकांशी भांडतात. तर बघूया या सात जणांची क्रमवारी कशी लागते आणि का लागते.

(पुढे गेमची स्टोरी उघड होणार आहे. गेम खेळायचा बाकी असेल तर जरा सांभाळून वाचा.)

आधी हा गेम काय आहे ते समजून घ्या

‘क्रोनो ट्रिगर’ ११ मार्च १९९५ ला जपानमध्ये सुपर फॅमिकॉम या कन्सोलवर आला. बनवणारी कंपनी स्क्वेअर. त्यामागची माणसं म्हणजे आपल्या भाषेत ऑल स्टार टीम. ‘फायनल फँटसी’चे जनक हिरोनोबू साकागुची, ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे जनक युजी होरी आणि पात्रांची चित्रं काढायला ‘ड्रॅगन बॉल’वाले अकिरा तोरियामा. तोरियामा मार्च २०२४ मध्ये गेले, तेव्हा जगभरच्या चाहत्यांनी गोकूसोबत या गेमची आठवण काढली ती त्यामुळेच.

हा रोल प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी. यात तुम्ही एकट्याला नाही, तर आख्ख्या टोळीला खेळवता. तिला पार्टी म्हणतात. स्टोरी टाइम ट्रॅव्हलची आहे. इसवी सन १००० मधली काही पोरं चुकून काळाच्या दारातून इकडं तिकडं फेकली जातात. भविष्यात गेल्यावर त्यांना कळतं, की १९९९ साली लाव्होस नावाचा राक्षसी जीव जमिनीतून वर येणार आणि जगाची राखरांगोळी करणार. मग ते थांबवायला ही टोळी डायनासोरच्या काळापासून इसवी सन २३०० पर्यंत फिरते.

या भटकंतीत एकूण सात जण गोळा होतात, पण लढाईत एका वेळी तिघांनाच उतरता येतं. सगळी गंमत या तिघांच्या आकड्यात आहे.

क्रमवारी लावायची कशावर ?

झहीर खान श्रीरामपूरचा, रहाणे संगमनेरचा. दोघांत भारी कोण, असा प्रश्न नगरच्या कुठल्याही कट्ट्यावर टाकून बघा. कुणीतरी म्हणेलच, “एक बॉलर, एक बॅट्समन, तुलना कशी करणार ?” इथंही तसंच आहे. सातही जणांची कामं वेगळी आहेत.

त्यात या गेममध्ये प्रत्येकाची स्वतःची खास अस्त्रं असतात, त्यांना टेक म्हणतात. दोघांची टेक जुळली की डबल टेक आणि तिघांची जुळली की ट्रिपल टेक तयार होते. म्हणून इथं दोनच निकष लावलेत. गडी एकटा किती भारी आहे, आणि सोबतच्या दोघांना तो किती भारी बनवतो. आता खालून वर जाऊ.

७. मेगस : एकटा वाघ, पण कळपात नाही

सुरुवातीलाच अनेकांच्या भुवया वर जाणार. मेगस हा गेमचा मोठा व्हिलन. पुढं त्याच्याशी लढायचं की त्याला सोबत घ्यायचं, हे गेम तुमच्यावर सोडतो. तो सोबत आला की पहिल्या दिवसापासून आग, बर्फ आणि वीज तिन्ही जादू घेऊन येतो. त्याची डार्क मॅटर ही टेक समोरच्या सगळ्यांना एकदम झोडपते.

मग शेवटी का ? कारण त्याला एकही डबल टेक नाही. ट्रिपल टेकसुद्धा विशिष्ट दुर्मीळ दगड अंगावर घातला तरच मिळतात, त्याही मोजक्या. म्हणजे मेगसला घेतलं की बाकीच्या दोघांना फक्त आपसातच जोडी जमवावी लागते. स्टोरीत तो कुणात मिसळत नाही आणि लढाईतही मिसळत नाही. पात्र म्हणून एक नंबर, टीममेट म्हणून सातवा.

६. लुका : डोकं भारी, पाय जड

क्रोनोची मैत्रीण आणि टोळीतली शास्त्रज्ञ. काळाची दारं उघडायला तिचंच मशीन कारणीभूत ठरतं. तिच्याकडं आगीची जादू आहे आणि शेवटची फ्लेअर ही टेक जबरदस्त आहे. पण ती हळू आहे, शत्रू दोनदा मारून जातो तेव्हा कुठं तिची पाळी येते. शिवाय तिच्याकडं जखमा भरायची एकही टेक नाही.

तरी तिला घरी बसवायची चूक करू नका. मेगसच्या किल्ल्यातल्या लढाईत तो आपलं कवच सारखं बदलतो आणि त्या कवचाशी जुळणारीच जादू त्याला लागते. क्रोनोकडं वीज, फ्रॉगकडं पाणी. मग आग आणणार कोण ? तिथं लुकाच लागते.

५. रोबो : हळू चालणारा, पण शेवटपर्यंत उभा

भविष्यातला मोडलेला रोबो, ज्याला लुका दुरुस्त करते. वेगाच्या बाबतीत हाही मागंच. पण मार खायची ताकद प्रचंड आणि हील बीम या टेकनं तिघांनाही एकदम बरं करतो. हाणामारी आणि दवाखाना, दोन्ही एकाच अंगात.

रोबोचा एक प्रसंग गेम खेळलेला माणूस विसरत नाही. ओसाड झालेल्या जमिनीवर जंगल उभं करायला तो इसवी सन ६०० मध्ये एकटा मागं राहतो. बाकीचे काळाच्या यानातून एका झटक्यात १००० सालात पोचतात. त्यांच्यासाठी काही क्षण जातात, रोबोसाठी ४०० वर्षं गेलेली असतात.

४. फ्रॉग : बेडूक झालेला सरदार

याचं खरं नाव ग्लेन. मेगसनं याचा मित्र सायरसला मारलं आणि याला बेडूक करून टाकलं. हातात मासामुने ही तलवार. तलवारही चालवतो, पाण्याची जादूही करतो आणि मित्रांना बरंही करतो. कुठल्याही दोघांसोबत टाका, हा जुळवून घेतो.

त्याची शेवटची टेक आहे फ्रॉग स्क्वॉश. आकाशातून एक अवाढव्य बेडूक शत्रूवर पडतो. गंमत म्हणजे फ्रॉगचा स्वतःचा जीव जितका कमी उरलेला, तितका फटका जास्त बसतो. मरणाच्या दारात उभा असताना हा सगळ्यात धोकादायक असतो.

३. आयला : जादू नाही, पण गरजही नाही

डायनासोरच्या काळातल्या इओका गावाची सरदारीण. जगात जादू यायच्या आधीच्या काळातली असल्यामुळं तिला जादू शिकताच येत नाही. पण ती टोळीत सगळ्यात चपळ आहे आणि हत्याराशिवाय नुसत्या मुठींनी मारते. तिची लेव्हल वाढेल तशी मूठ जड होत जाते, त्यामुळं दुकानातून नवं हत्यार घ्यायचा खर्च वाचतो. वर चार्म या टेकनं ती शत्रूच्या खिशातल्या दुर्मीळ वस्तूही काढून घेते.

जादूशिवाय काहीच न लागणारा शत्रू समोर आला की मात्र तिचे हात बांधले जातात. म्हणून तिसरा नंबर.

२. मार्ल : जिला सगळे कमी समजतात

ग्वार्डिया राज्याची राजकुमारी. खरं नाव नादिया. हातात क्रॉसबो आणि मार इतका हलका, की नवे खेळाडू तिला पहिल्यांदा बाहेर बसवतात. इथंच चूक होते.

मार्लची हेस्ट ही टेक सोबत्याचा वेग वाढवते. ज्या लढाईत पाळी पटापट येण्यावर सगळं अवलंबून आहे, तिथं वेग म्हणजेच ताकद. आयलाला हेस्ट द्या आणि बघा काय होतं ते. शिवाय बरं करायची जादू आणि पडलेल्याला पुन्हा उभं करणारी लाइफ टू तिच्याकडं आहे. लुकासोबत तिचा बर्फ आणि आग मिळून अँटीपोड होतो, त्यात क्रोनोची वीज आली की डेल्टा फोर्स. स्कोअरबोर्डवर तिचं नाव दिसत नाही, पण बाकीच्यांचा स्कोअर तिच्यामुळं होतो.

१. क्रोनो : नंबर एक, आणि तीच अडचण

लाल केसांचा, जवळपास एक शब्दही न बोलणारा हिरो. वेग आहे, तलवार आहे, वीज आहे. ल्युमिनेअर ही टेक समोरच्या सगळ्यांवर कोसळते. त्याची रेनबो ही तलवार दहापैकी सात वेळा क्रिटिकल फटका देते. जवळपास प्रत्येकासोबत त्याची डबल टेक जमते. दोन्ही निकषांवर पहिला, यात फारसा वाद नाही.

पण खरी गोष्ट इथून सुरू होते.

गेमच्या पहिल्या मोठ्या टप्प्यात क्रोनोला पार्टीतून काढताच येत नाही. त्यामुळं सगळं चांगलं सामान त्याच्या अंगावर आणि सगळा भरवसाही त्याच्यावर. आणि मग समुद्राखालच्या महालात लाव्होस समोर येतो. सगळे जमिनीवर पडलेले असतात. क्रोनो एकटा उठतो, पुढं जातो आणि मित्रांना वाचवताना मरतो. १९९५ साली खेळणाऱ्या पोरांनी कंट्रोलर हातात धरून नुसतं बघत राहावं, असा तो सीन.

यानंतर गेम तुम्हाला तुमचाच हिशोब दाखवतो. या गेममध्ये बाहेर बसलेल्या गड्यांना अनुभवाचे पॉइंट मिळतात, त्यामुळं त्यांची लेव्हल वाढत राहते. पण नव्या टेक शिकायला लागणारे टेक पॉइंट फक्त मैदानातल्या तिघांनाच मिळतात. म्हणजे ज्याला तुम्ही ‘सातव्या नंबरचा’ म्हणून सतत बाहेर ठेवलं, तो क्रोनो गेल्यावर अंगानं मोठा पण हातात अस्त्र नसलेला असतो. दोघांची टेक शिकलेली नसेल तर त्यांची डबल टेकही नाही. गेमनं तुम्हाला शिक्षा केलेली नसते. तुमच्याच क्रमवारीनं केलेली असते.

पुढं डेथ पीक नावाच्या डोंगरावर जाऊन क्रोनोला परत आणता येतं. पण ते सक्तीचं नाही. त्याला परत न आणता, उरलेल्यांना घेऊन लाव्होसला हरवता येतं आणि गेम संपवता येतो. ज्याचं नाव गेमच्या पाटीवर आहे, त्याच्याशिवाय. आणि त्याला परत आणलं, तरी तिथून पुढं तो पार्टीत असायलाच हवा असं बंधन राहत नाही. आता त्याला निवडायचं की नाही, हे पहिल्यांदाच तुम्ही ठरवता.

मग क्रमवारीला अर्थ काय ?

अर्थ आहे, पण तो खेळायला सुरुवात करतानाच्या याद्यांमध्ये नाही. सुरुवातीला सगळ्यांना फिरवून खेळवा. लुकाला तिची पाळी येऊ द्या, मार्लला हेस्ट शिकू द्या. क्रोनो जाईल त्या दिवशी तुमच्याकडं कोण उरतं, तीच तुमची खरी यादी.

हा गेम आज मोबाईलवर आहे आणि २०१८ पासून कॉम्प्युटरवर स्टीमवरही आहे. माळीवाडा स्टँडवर एसटीची वाट बघत बसलेला माणूससुद्धा खिशातून फोन काढून तो सुरू करू शकतो. एकदा संपला की न्यू गेम प्लस उघडतो, म्हणजे कमावलेली ताकद घेऊन पुन्हा पहिल्यापासून. शेवटही एक नाही, दहाहून जास्त आहेत. त्यातल्या एका शेवटात तर मेगस मेलेला असल्यामुळं फ्रॉग पुन्हा माणूस झालेला दिसतो.

म्हणजे तुम्ही कुणाला टीममध्ये घेतलं आणि कुणाला नाही, यावर एका बेडकाचं अख्खं आयुष्य ठरतं. त्यामुळं यादी कुठलीही लावा. फक्त सातव्या नंबरच्या गड्याला बाहेर बसवण्याआधी एकदा ॲडलेडनंतरचं मेलबर्न आठवा.