मकर राशीचे चौघे

रविवारची पुरवणी हाती आली की पुष्कळ घरांत आधी राशिभविष्याचे पान उघडले जाते. ज्यांचा त्यावर विश्वास नाही, तेही आपल्या राशीपुरते चोरून वाचून घेतात. अशा सर्वच वाचकांसाठी आज एक चमत्कारिक योग मांडतो. फ्लॉइड पॅटरसनचा जन्म ४ जानेवारी १९३५चा. मुहम्मद अली जन्मला १७ जानेवारी १९४२ला, जो फ्रेझिअर १२ जानेवारी १९४४ला आणि जॉर्ज फोरमन १० जानेवारी १९४९ला. चौघेही मुष्टियुद्धातल्या सर्वांत वजनदार, म्हणजे हेवीवेट गटाचे जगज्जेते. चौघेही ऑलिंपिकचे सुवर्णपदक गळ्यात घालून व्यावसायिक मुष्टियुद्धात उतरलेले: पॅटरसन १९५२च्या हेलसिंकीचे, अली १९६०च्या रोमचे, फ्रेझिअर १९६४च्या टोकिओचे आणि फोरमन १९६८च्या मेक्सिको सिटीचे. आणि पाश्चात्त्य पद्धतीने पाहिले तर चौघांचीही रास एकच, मकर.

योग याहूनही मोठा आहे. नोव्हेंबर १९५६मध्ये पॅटरसनने किताब मिळवला, तेव्हापासून फेब्रुवारी १९७८मध्ये लिऑन स्पिंक्सने अलीला हरवले तोपर्यंत, म्हणजे एकवीस वर्षांहून अधिक काळात, हेवीवेटचे निर्विवाद जगज्जेतेपद अवघ्या सहा माणसांकडे होते. त्यातले चार हे मकरेचे. पाचवा स्वीडनचा इंगेमार योहान्सन, तो कन्येचा. सहावा सनी लिस्टन. त्याची रास कोणती, याकडे मी शेवटी येतो, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

आकडेमोडीत जन्म घालवलेल्या माणसाच्या मनात लगेच हिशेब सुरू होतो. राशी बारा. चार माणसे यदृच्छेने एकाच राशीत जन्मण्याची शक्यता १,७२८मध्ये एक. ऐकायला भारदस्त वाटते. पण हा हिशेब खरा केव्हा? चौघांची नावे आधी काढून ठेवली आणि राशी मागाहून पाहिल्या तर. इथे आपण शेकडो जगज्जेत्यांच्या गर्दीतून एकराशीचे चौघे हुडकून काढले आहेत. सोडत जाहीर झाल्यावर तिकीट विकत घ्यायचे, तसला हा प्रकार.

तरीही ज्योतिषाचे म्हणणे ऐकून घेऊ. मकरेचा स्वामी शनी. माणसे कष्टाळू, चिवट, महत्त्वाकांक्षी. यश मिळते, पण उशिरा मिळते. फ्रेझिअरला हे वर्णन शिंप्याने माप घेऊन शिवल्यासारखे बसते. समोरच्याचे तीन ठोसे खाऊन आपला एक डावा ठोसा मारायला तो पुढे पुढे सरकत राही. फोरमनलाही बसते. १९७४ साली किताब गमावलेला हा माणूस पुढे धर्मोपदेशक झाला, दहा वर्षे रिंगपासून दूर राहिला आणि ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याने मायकेल मूररला दहाव्या फेरीत आडवे करून किताब परत मिळवला. इतका वयस्क हेवीवेट जगज्जेता त्यापूर्वी झाला नव्हता. शनी यश उशिरा देतो म्हणतात ते हेच, असे कुणीही म्हणेल. पण मग पॅटरसनचे काय करायचे? तो एकविसाव्या वर्षी जगज्जेता झाला, तेव्हाचा सर्वांत तरुण. एकाच राशीने सर्वांत लवकरही दिले आणि सर्वांत उशिराही दिले. असा शनी कुणालाही सोयीचा!

आणि खरी पंचाईत पुढेच आहे. हे चौघे एकमेकांशीच लढले. अली आणि फ्रेझिअर तीनदा, अली आणि पॅटरसन दोनदा, फ्रेझिअर आणि फोरमन दोनदा, अली आणि फोरमन एकदा. एकूण आठ लढती. आठही वेळा एक मकर जिंकली आणि एक मकर हरली. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अली आणि फ्रेझिअर प्रथम समोरासमोर आले. दोघेही तोवर अपराजित, दोघांचे मानधनही सारखेच, प्रत्येकी पंचवीस लाख डॉलर. पंधराव्या फेरीत फ्रेझिअरच्या डाव्या ठोशाने अली पाठीवर पडला आणि गुणांवर हरला. त्या आठवड्याच्या राशिभविष्यात मकरेपुढे काय छापायचे? ‘शत्रूवर मात कराल’ म्हणावे तर अलीचे चुकले, ‘मानहानीचा योग’ म्हणावे तर फ्रेझिअरचे. जानेवारी १९७३मध्ये किंग्स्टनला फोरमनने त्याच फ्रेझिअरला दोन फेऱ्यांत सहा वेळा जमिनीवर पाडले. पुढच्या वर्षी ३० ऑक्टोबरला किन्शासात अलीने त्याच फोरमनला आठव्या फेरीत गारद केले. शनी कुणाच्या बाजूने होता?

आपल्या पंचांगवाल्यांना मात्र या साऱ्याशी काहीच घेणे नाही, कारण त्यांच्या लेखी हे चौघे एका राशीचेच नाहीत. आपल्याकडे सूर्य मकरेत शिरतो तो संक्रांतीला, १४ जानेवारीच्या आसपास. पाश्चात्त्य ज्योतिषी तोच सूर्य २२ डिसेंबरच्या सुमारास मकरेत नेऊन बसवतात. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, एका फेरीला सुमारे २६ हजार वर्षे घेतो आणि त्यामुळे संपातबिंदू तारकांच्या पार्श्वभूमीवर मागे सरकत राहतो. सायन आणि निरयन यांच्यातला जुना वाद तो हाच. निरयन पद्धतीने पॅटरसन, फोरमन आणि फ्रेझिअर संक्रांतीच्या आत जन्मले म्हणून धनूचे. तिळगूळ वाटून झाल्यावर आलेला एकटा अलीच मकरेचा. त्याच्या जोडीला हवा तर युक्रेनचा ओलेक्सांद्र उसिक घ्या. लंडन ऑलिंपिकचे सुवर्ण मिळवून २०२४च्या मे महिन्यात तो हेवीवेटचा निर्विवाद जगज्जेता झाला. त्याचा जन्म १७ जानेवारी १९८७चा, नेमका अलीच्याच तारखेचा. शिवाय आपल्याकडे जन्मरास म्हणजे चंद्राची रास, आणि चंद्र तर सव्वादोन दिवसांत रास बदलतो. म्हणजे ज्या योगाने आपण थक्क झालो, तो पंचांग बदलताच विरघळून गेला. ठोसे मात्र कुठल्याही पंचांगात तितकेच जोरात बसले असते.

हा प्रश्न एका माणसाने फार गंभीरपणे घेतला होता. मिशेल गोकलँ या फ्रेंच संशोधकाने १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात, नामवंत खेळाडूंच्या जन्मवेळी मंगळ आकाशाच्या ठरावीक भागांत अधिक वेळा आढळतो, असा दावा केला. त्यावर पुढे चाळीस वर्षे वाद झाला. १९९६ साली फ्रान्समधल्या एका समितीने हजारावर खेळाडूंच्या जन्मवेळा तपासून, असा कोणताही परिणाम दिसत नाही, असे जाहीर केले. पण ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की मंगळासाठी आयुष्यभर भांडणाऱ्या गोकलँलाही राशींत मात्र काहीच सापडले नव्हते.

मग या माणसांना जोडणारे काही होते की नाही? होते. ते पाहण्यासाठी मकरेच्या बरोबर समोरची रास घेऊ. कर्क ही हळवी, घरात रमणारी रास समजतात. पाश्चात्त्य गणनेने त्या हळव्या राशीत जॅक डेम्प्सी जन्मला, ज्याने १९१९ साली धिप्पाड जेस विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडले. त्याच राशीत माईक टायसनही जन्मला, ३० जून १९६६ रोजी. पॅटरसनचा सर्वांत तरुण जगज्जेत्याचा विक्रम टायसनने १९८६ साली, विसाव्या वर्षी मोडला. दोघांची शैली तीच, दोन्ही मुठी गालांजवळ धरून त्यांच्याआडून झेपावण्याची. एक मकर, एक कर्क, राशिचक्रात अगदी आमनेसामने. पण दोघांना घडवणारा माणूस एकच होता, कस डामाटो. दोघेही ब्रुकलिनच्या गरीब वस्तीतले, दोघेही सुधारगृहाची हवा खाऊन आलेले. डामाटोंच्या हाती दोघेही लागले ते कोवळ्या वयात. टायसनचे जगज्जेतेपद पाहायला डामाटो उरले नाहीत. वर्षभर आधी, नोव्हेंबर १९८५मध्ये ते वारले.

मराठीत गुरू हा शब्द ग्रहालाही चालतो आणि शिकवणाऱ्यालाही. या मुलांच्या पत्रिकेतला बलवान गुरू दुसऱ्या जातीचा होता. बारा वर्षांच्या अलीची, तेव्हाच्या कॅशियस क्लेची, सायकल लुईव्हिलमध्ये चोरीला गेली. चोराला बडवून काढीन म्हणून थयथयाट करणाऱ्या या पोराची तक्रार ऐकणारा पोलीस जो मार्टिन योगायोगाने तळघरातल्या व्यायामशाळेत मुष्टियुद्ध शिकवत होता. आधी लढायला शीक, म्हणाला. साउथ कॅरोलायनातल्या शेतावरून आलेला फ्रेझिअर फिलाडेल्फियाच्या कत्तलखान्यात काम करी. तो पोलिसांनी चालवलेल्या व्यायामशाळेत गेला तो निव्वळ वजन उतरवायला. तिथे त्याला यँक डरहॅम भेटले. ह्यूस्टनच्या बकाल वस्तीत वाटमाऱ्या करणारा फोरमन राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या काळात सुरू झालेल्या ‘जॉब कोअर’ या सरकारी योजनेत दाखल झाला आणि तिथे डॉक ब्रॉडस यांनी त्याच्या हातात मोजे चढवले. सगळे गोरगरीब कृष्णवर्णीय घरांतले, आणि प्रत्येकाच्या बाबतीत योग्य वयात कुणीतरी एक दार उघडे ठेवलेले. ते दार पोलिसाचे होते, सरकारी योजनेचे होते, हट्टी शिक्षकाचे होते. त्याला नक्षत्र लागले नाही. वेळ देणारा माणूस लागला.

भविष्य अचूक वर्तवणारा माणूसही या कथेत आहे, पण तो ज्योतिषी नव्हे. १९७७ साली अलीचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी त्याच्या शरीराची हानी पाहून, आता थांब, असे बजावले. अलीने ऐकले नाही, तेव्हा ते त्याच्या कोपऱ्यातून कायमचे निघून गेले. अली १९८१पर्यंत लढत राहिला आणि १९८४ साली त्याला पार्किन्सनचे निदान झाले. त्यात ठोशांचा वाटा किती, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. पण १९९६ साली अटलांटात ज्योत पेटवताना थरथरणारा तो हात साऱ्या जगाने पाहिला. पॅटरसन न्यूयॉर्क राज्याच्या मुष्टियुद्ध आयोगाचा अध्यक्ष होता. आपण कुणाला हरवून जगज्जेते झालो हेच त्याला एका जबानीत आठवेना, आणि १९९८ साली त्याने पद सोडले. तो २००६ साली गेला, फ्रेझिअर २०११ साली, अली २०१६ साली आणि फोरमन मार्च २०२५मध्ये. चौघांतला आता कुणीही नाही.

राहिला सनी लिस्टन. पॅटरसनला १९६२ आणि १९६३ अशा लागोपाठ दोन वर्षी पहिल्याच फेरीत लोळवणाऱ्या या माणसाची रास सांगता येत नाही, कारण त्याची जन्मतारीखच नक्की नाही. आर्कन्सॉमध्ये बटईने शेती करणाऱ्या बापाच्या दोन डझन मुलांतला हा एक. कागदोपत्री १९३२ साल लागले, पण तेही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मरणाची तारीखही अंदाजाचीच. ५ जानेवारी १९७१ रोजी बायको घरी परतली तेव्हा तो मृतावस्थेत सापडला. मृत्यू काही दिवसांपूर्वीचा असावा, असे ठरले. त्यालाही दार उघडले होते, पण ते मिसुरीच्या तुरुंगात, एका धर्मगुरूने, आणि फार उशिरा. बाहेर आल्यावर त्याच्या कराराचे दोर गुन्हेगारी टोळ्यांच्या हातात गेले. लास व्हेगासमधल्या त्याच्या थडग्यावर नाव आणि सालांखाली दोनच शब्द कोरले आहेत: ‘अ मॅन’. एक माणूस.

जन्मतारीख नसलेला माणूस आपल्याला अनोळखी नाही. बँकेतल्या नोकरीत खाते उघडण्याचे हजारो अर्ज माझ्या टेबलावरून गेले. ग्रामीण शाखेत तर पानामागून पान जन्मतारीख एकच असे: १ जून. सायन पद्धतीने ते सगळे मिथुनेचे, निरयन पद्धतीने वृषभेचे. प्रत्यक्षात त्यांतले कुणी आषाढाच्या पावसात जन्मलेले, कुणी ऐन सुगीत. घरी कुणी लिहून ठेवले नव्हते. शाळा जूनमध्ये सुरू होत, म्हणून पोराचे नाव दाखल करताना गुरुजींनी अंदाजाने वय धरून ती तारीख टाकलेली असे. आकाशाच्या हिशेबात ती तारीख खोटी. पण त्या दिवशी त्या पोराला शाळेच्या पटावर जागा मिळाली होती, एवढे तिच्यात खरे होते. आणि पुढे तोच अर्जदार फॉर्मच्या तळाशी अंगठ्याऐवजी सही करत होता.