पाळीपाळीने उजेडात येणारा संग्रह

पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू असून त्यांपैकी सुमारे अडीच हजारच एका वेळी दालनांत मांडता येतात. त्यामुळे बदलत्या प्रदर्शनांकडे केवळ हौसेचा उपक्रम म्हणून पाहता येत नाही. कोठारात राहिलेला संग्रह लोकांसमोर आणण्याचा तो मुख्य मार्ग आहे. डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी १९२० च्या सुमारास जमवायला घेतलेला, बालवयात निवर्तलेल्या मुलाचे, राजाचे, नाव धारण करणारा हा संग्रह पुढे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन झाला.

या संग्रहाचे खरे वैभव घरगुती वस्तूंत आहे. दिवे, दौती, सुपारी कातरण्याचे अडकित्ते यांच्या रांगेत वज्री विशेष लक्ष वेधून घेते. स्नानाच्या वेळी टाचा घासण्याच्या या धातूच्या साधनाचा तळ खरखरीत असतो आणि माथ्यावर मोर, हत्ती किंवा घोडेस्वार घडवलेला असतो. काही वज्रींच्या पोकळीत खडे घातलेले असल्याने घासताना त्या खुळखुळतात. मळ काढण्याच्या कामालाही नादाची जोड देणारा तो कारागीर अनामिक राहिला, याची खंत वाटते. आणि काचेआड ठेवलेली वज्री मुकी होते, हेही खरे.

अशा धातूच्या वस्तू हंगामी प्रदर्शनासाठी शहराबाहेर नेणे तुलनेने सोपे आहे. पुणे–सोलापूर मार्गावरील लोणी काळभोरला, जेथे राज कपूर यांच्या राजबागेच्या जागेवर आज मोठा शैक्षणिक परिसर उभा आहे, असे प्रदर्शन भरले तर वज्री ओळखणारे वृद्ध आणि ती कधीच न पाहिलेली मुले एकाच दालनात भेटतील.

वस्त्रे आणि लघुचित्रे यांची गोष्ट मात्र अवघड आहे. प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही व ही हानी साचत जाते. म्हणून त्यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक) जास्त उजेड पडू न देण्याचा संकेत आहे, आणि काही महिन्यांनी त्यांना पुन्हा अंधारात विश्रांती द्यावी लागते. पावसाळ्यात हवेतील ओल वाढली की बुरशी आणि कसर यांचे भय असते, तर वारंवार हाताळण्याने जुना धागा तुटतो. कोथरूडहून आणून संग्रहालयात जुन्या अवशेषांतून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल तर हलवताच येत नाही. प्रत्येक बदलापूर्वी नोंद, छायाचित्र आणि स्थितीची तपासणी आवश्यक असते, आणि त्यासाठी प्रशिक्षित माणसे व वातानुकूलित कोठार कायमस्वरूपी लागते.