पहारा नदीवर नव्हे, तळ्याच्या बांधावर

नदीचे पाणी नासले की नाकाला कळते. परंतु त्या पाण्यातील वस्ती पालटली तर ती सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. भीमेच्या खोऱ्यात नेमके हेच घडले आहे. मूळचा आफ्रिकेतील चिलापी मासा, गरिबांस स्वस्त अन्न मिळावे या सद्धेतूने, १९५२ साली भारतात आणला गेला. अवघ्या सात वर्षांत, १९५९ साली, त्याच्या प्रसारास बंदी करण्याची पाळी आली. तोवर उशीर झाला होता. या माशाची मादी अंडी व पिले तोंडात जपते, पिले काही महिन्यांतच वयात येतात आणि वर्षातून अनेकदा वीण होते. भटाला ओसरी दिल्याची म्हण येथे अक्षरशः खरी ठरली. आज उजनीच्या जलाशयात कोळ्यांच्या जाळ्यात प्रामुख्याने चिलापीच येतो.

या अनुभवाने आपण शहाणे झालो, असेही नाही. आफ्रिकी मांगूर माशाच्या पैदाशीवर २००० साली बंदी आली. हा खादाड मासा हवेतही श्वास घेतो, घाण पाण्यात तगतो आणि पुराबरोबर तळ्यातून नदीत शिरून तेथील लहान मासे फस्त करतो. तरीही त्याचे चोरटे पालन चालूच राहिले. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर महाराष्ट्रात तळी शोधून हे मासे नष्ट करण्याची मोहीम काढावी लागली.

मोठ्या नदीत एकदा रुजलेला मासा समूळ उपटता येत नाही. म्हणून खरा पहारा नदीवर नव्हे, तर बीजकेंद्रावर आणि तळ्याच्या बांधावर हवा. सुधारित चिलापीच्या संवर्धनास शासनाने अटींवर परवानगी दिली आहे. त्या अटी पाळल्या जातात की नाही, हे पावसाळ्यापूर्वी जागेवर जाऊन पाहिले पाहिजे. सांडव्याला जाळी नाही, तेथे परवानाही नको.

मात्र या कठोरपणाचा भार कोळ्यांवर पडता कामा नये. चिलापी त्यांनी आणला नाही. आज त्यांची चूल त्यावर पेटते. तो त्यांनी भरपूर पकडावा व त्यांस रास्त भाव मिळावा, यातच नदीचेही हित आहे. आणि हौसेची काचपेटी नकोशी झाली की त्यातील मासे भूतदयेने नदीत सोडणाऱ्या सुशिक्षित नागरिकांनीही ध्यानात ठेवावे, की ही दया नदीतल्या मूळच्या जीवांच्या मुळावर येते.