मानेतील धमनीचा फुगवटा आणि पक्षाघात : कारणे व उपचार

प्रस्तावना :
मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असले तरी शरीरास लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू त्यास लागतो. हा पुरवठा बव्हंशी मानेतील दोन कॅरॉटिड धमन्यांमार्फत होतो. या धमन्या अरुंद झाल्याने होणाऱ्या पक्षाघाताची चर्चा पुष्कळ होते. त्या फुगल्याने होणाऱ्या पक्षाघाताची फारशी होत नाही. हा विकार दुर्मिळ, परंतु गंभीर आहे.

विकाराचे स्वरूप :
धमनीची भिंत कमकुवत झाली की रक्तदाबामुळे ती तेथे फुगते. यास अ‍ॅन्युरिझम म्हणतात. धमनीकाठिण्य, भिंतीचे थर विलग होणे, इजा, जंतुसंसर्ग व पूर्वीची शस्त्रक्रिया ही त्याची प्रमुख कारणे होत. मानेतील फुगवटा क्वचितच फुटतो. त्याचा खरा धोका असा की, त्यात रक्तप्रवाह मंदावून गुठळी होते व तिचा तुकडा सुटून मेंदूतील वाहिनीत अडकतो.

लक्षणे व निदान :
मानेत ठोके देणारी गाठ, काही मिनिटे हात लुळा पडणे, वाचा जाणे किंवा एका डोळ्यापुढे अंधारी येणे ही लक्षणे होत. ती आपोआप नाहीशी झाली तरी पूर्वसूचनाच समजावीत. अशी गाठ साधी सूज समजून चोळणे घातक ठरू शकते. डॉप्लर सोनोग्राफी व सी.टी. अँजिओग्राफीने निदान होते.

उपचार :
लंडनचे शल्यविशारद अ‍ॅस्टली कूपर यांनी १८०५ मध्ये अशा रुग्णाची कॅरॉटिड धमनी बांधली; तो रुग्ण दगावला. १८०८ मधील त्यांचा दुसरा रुग्ण मात्र १८२१ पर्यंत जगला. धमनी बांधल्याने फुगवटा निकामी होतो, पण मेंदूचा त्या बाजूचा पुरवठाही तुटतो. इतर धमन्यांनी ती उणीव भरून काढली नाही, तर जो पक्षाघात टाळावयाचा तोच ओढवतो. म्हणून पुढे फुगलेला भाग काढून धमनी पुन्हा जोडण्याची किंवा पायातील शीर बसविण्याची पद्धत रूढ झाली. तीत आवाज व जिभेच्या मज्जातंतूंना इजा होण्याचा संभव असतो. कवटीच्या तळाजवळील फुगवट्यासाठी आच्छादित स्टेंट सोयीचा ठरतो. थर विलग झाल्याने आलेल्या लहान, लक्षणरहित फुगवट्यात बहुधा गुठळीरोधक औषधे व नियमित तपासणी पुरेशी असते.

निष्कर्ष :
उपचार फुगवट्याचे कारण, आकार व स्थान पाहून ठरतो. प्रत्यक्ष पक्षाघातात गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून लक्षणे ओसरण्याची वाट न पाहता रुग्णास तत्काळ रुग्णालयात नेणे आवश्यक आहे.