लाल दक्षिण: फुलं बघा, तोडू नका

पाऊस बरा झाला असेल तर जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीभर नेगेवच्या उत्तर-पश्चिम भागात, शोकेदाच्या रानात, रुहामा आणि बेएरीच्या आसपास, कलानितची फुलं लाल सतरंजीसारखी पसरतात. तिथल्या लोकांनी याचा उत्सवच केला आहे. त्याचं नाव दारोम अदोम, म्हणजे लाल दक्षिण. पायी फेऱ्या असतात, बाजार असतो, पण बघायचं ते रानच.

इथे नवी आले तेव्हा एका सहलीत मी चार फुलं तोडली. केसांत माळायला! आपली कोकणातली सवय, दुसरं काय. शेजारची पाच-सहा वर्षांची पोर सगळ्यांसमोर ओरडली, "आसूर!" म्हणजे मनाई आहे. वॉर्डात सगळ्यांना शिस्त लावणारी मी नर्स, तिच्यापुढे मान खाली घातली. फुलं तर घरी पोहोचेपर्यंत कोमेजली.

त्या पोरीला हे कोणी शिकवलं, ते मला पुढे कळलं. पूर्वी इथेही लोक रानफुलांच्या जुड्या बांधून घरी नेत, विकतसुद्धा. 1963 मध्ये निसर्गरक्षणाचा कायदा झाला. पण प्रत्येक टेकडीवर पोलीस कोण ठेवणार? म्हणून 1953 पासून काम करणाऱ्या निसर्ग संरक्षण संस्थेने आणि सरकारी खात्याने फुलांची चित्रं शाळांत, बालवाड्यांत लावली. मुलं शिकली आणि त्यांनी आईबापांना शिकवलं. 2013 मध्ये लोकांनी मतं देऊन कलानितलाच देशाचं फूल निवडलं.

काहीजण वाद घालतात, "कंद जमिनीत राहतो ना, मग एक फूल तोडलं तर काय बिघडलं?" रोप मरत नाही, हे खरं. पण फूल गेलं की त्याचं बी गेलं. कलानितचं बी कापसासारखं असतं, वाऱ्यावर उडून जातं आणि त्यातूनच नवी रोपं येतात. हजारो माणसांनी चार-चार फुलं नेली तर वारा काय उडवणार? फोटोसाठी फुलांत बसणारे तर मला तोडणाऱ्यांपेक्षाही जास्त खटकतात. ते एका बैठकीत दहा रोपं चिरडतात.

सगळी लाल फुलं कलानित नसतात. कलानितच्या फुलाखाली, देठावर, बारीक चिरलेल्या हिरव्या पानांचं कडं असतं. नुरितच्या पाकळ्यांना मागून हिरवी निदलं चिकटलेली असतात आणि पाकळ्या लाखेसारख्या चकाकतात. पेरेग, म्हणजे खसखशीच्या जातीचं फूल, बहुतेक उशिरा येतं. याची निदलं फूल उमलताच गळून पडतात. या लाल फुलांकडे केसाळ भुंगेरे येतात. मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही, भुंगेऱ्याला दिसतो.

वाटेत कुठे रुंद हिरव्या पानांचे झुबके दिसले तर तो हात्साव. त्याचा पांढऱ्या फुलांचा उंच दांडा रोश हशानाच्या सुमारास, पान नसताना, येऊन गेलेला असतो. आपल्याकडच्या कोळकांद्याचा हा भाऊबंद. आमच्या शिकण्याच्या काळात खोकल्याच्या मिक्स्चरमध्ये स्क्विल असायचं, ते याच कुळातलं. पण कंद विषारी, हृदयावर परिणाम करणारा. नातवंडांना हात लावू देऊ नका.

आणि पहाटे धावत जाऊ नका. थंडीत कलानित मिटलेली असते. दहानंतर, ऊन चढल्यावर, उघडते. तोवर घरी चहा घ्या.